दोन एटीव्ही पुण्याहून मंगळवेढ्याला आणायच्या आहेत: ट्रेलर की पिकअप?

हुरडाकट्टा
मंडळी, मंगळवेढ्याजवळ चुलतभावाचं शेत आहे. थंडीत तिथे हुरड्याला लोक येतात. मोठी माणसं खाऊन झाडाखाली आडवी होतात, पण पोरांना तासाभरात कंटाळा येतो. म्हणून दोन जुन्या एटीव्ही, म्हणजे रानात चालवायच्या जाड टायरच्या चारचाकी बाइक, घ्यायचं ठरलंय. दोन्ही हडपसरला उभ्या आहेत. मोठी सात फूट लांब, चार फूट रुंद, वजन साडेतीनशे किलोच्या आसपास. दुसरी लहान मुलांची, ११० सीसी, साडेचार फूट लांब, सव्वाशे किलो धरा. रस्त्याची नोंदणी एकीलाही नाही, त्यामुळे चालवत आणायचा प्रश्नच नाही.

दोन पर्याय दिसतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक फॅब्रिकेटर दोनचाकी ट्रेलर बनवून द्यायला तयार आहे. माझ्या गाडीला मागे हुक लावायचा आणि ओढत आणायचं, पुढेही उपयोगी पडेल म्हणतो. नाहीतर भाड्याचा पिकअप. भावाचं मत असं की पिकअप घे, दोन पोरं मागे बसव, ती धरून आणतील.

ज्यांनी अशा गाड्या, बुलेट, बोटी वगैरे नेल्यात त्यांनी सांगा. चढवायच्या कशा, बांधायच्या कशा, आणि ट्रेलरच्या भानगडीत पडू का?

कडकभाकरी
पोरं मागे बसवायची नाहीत. हे आधी भावाला फोन करून सांगा, बाकीचं सावकाश बोलू.

बाराबंदी
का बे, एवढं काय त्यात? आम्ही म्हशी आणल्या, बुलेट आणल्या, पाण्याच्या मोटारी आणल्या, सगळं धरूनच आणलं. दोन दणकट पोरं आणि एक नाडा असला की झालं. काही होत नसतंय मालक.

कडकभाकरी
@बाराबंदी, म्हैस स्वतःचा तोल सांभाळते, एटीव्ही नाही सांभाळत. माल बांधायचे जे नियम अमेरिका-युरोपात आहेत त्यात कचकन ब्रेक लागला तर मालाच्या वजनाच्या ८० टक्के जोर पुढे येतो असं धरतात, वळणावर बाजूला ५० टक्के. म्हणजे साडेतीनशे किलोच्या गाडीचा २८० किलोचा रेटा, तोही एका झटक्यात. तो पोरं धरणार? पोरं त्या गाडीच्या आणि केबिनच्या मधे सापडणार. शिवाय मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं बसवणं कायद्यातही बसत नाही, आणि काही झालं तर विमा कंपनी पहिलं तेच विचारते.

बाराबंदी
बरं बाबा, पोरं पुढे केबिनमध्ये बसतील. नाडा तर चालेल ना?

गियरबॉक्स
नाडा चालेल, पण त्याच्या भरवशावर झोप घेऊ नका. नायलॉनचा दोर ताण आला की लांबतो. हडपसरला कच्चून बांधलेला यवतला सैल. रॅचेटचे, म्हणजे दांडा मारून खटक्या-खटक्याने आवळायचे पट्टे घ्या, पॉलिएस्टरचे, ते फार ताणत नाहीत. घेताना पट्ट्यावरची चिठ्ठी वाचा. दुकानदार मोठा आकडा दाखवतो, तो तुटायचा आकडा असतो. कामाचा आकडा साधारण त्याचा तिसरा हिस्सा. दीड टनाचा म्हणून दिलेला पट्टा पाचशे किलोचा समजायचा. मोठ्या गाडीला चार, लहानीला चार, आणि दोन जास्तीचे.

हुक उघड्या तोंडाचे घेऊ नका. खड्ड्यात गाडीचं सस्पेन्शन दबलं की पट्टा क्षणभर सैल पडतो आणि उघडा हुक कडीतून सटकतो. तोंडाला खटका असलेले मिळतात, पन्नास-शंभर रुपये जास्त जातील.

आसरा_चौक
थांबा थांबा. पट्ट्यांच्या आधी माप घ्या की. मोठ्या पिकअपचा हौदा साधारण नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद असतो. तुमची मोठी सात फूट, लहान साडेचार. एकामागे एक ठेवल्या तर साडेअकरा. शेजारी शेजारी ठेवायला रुंदी पुरत नाही. लहानी आडवी केली तरी दहाच्या वर जातंय. दोन्ही एका खेपेत बसत नाहीत.

बाराबंदी
हौद्याचा मागचा फाळका उघडा ठेवायचा, त्यावर मागची चाकं. दोन साखळ्या आहेतच त्याला.

कायद्याचं_बोला
फाळका उघडा आणि माल बाहेर, तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ (१ क). ठरलेल्या मर्यादेबाहेर माल पुढे, मागे, बाजूला किंवा वर निघाला तर दंड २०,००० रुपये, वर माल उतरवायचा खर्च आपलाच. २०१९च्या दुरुस्तीपासून आहे हे. आणि फाळक्याच्या साखळ्या फाळका पडू नये म्हणून असतात, त्यावर शंभर-दीडशे किलो अडीचशे किलोमीटर नाचवायला नाहीत.

आता ट्रेलरचं. कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे. त्याला स्वतःची नोंदणी लागते, स्वतःचा नंबर लागतो. फॅब्रिकेटरने वेल्डिंग करून दिला म्हणून तो रस्त्यावर आणता येत नाही. त्याला विचारा, मंजूर डिझाइनचे कागद देणार का? बहुतेक इथेच विषय संपेल. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या कशाही फिरतात म्हणून लोकांना वाटतं सगळं चालतं.

भीमाकाठी
ट्रॉल्यांचं नाव काढलंच आहे तर. कारखाने चालू झाले की मोहोळ-टेंभुर्णी पट्ट्यात रात्री निघूच नका. डबल ट्रॉली, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टरवर चिखल. समोरून येणाऱ्याच्या लाइटमध्ये ती ट्रॉली दिसतच नाही, एकदम पुढ्यात. तुम्ही कितीही छान बांधून आणा, तिच्यात जाऊन घुसलात तर काय उपयोग?

शेंगाचटणी
+१. आणि वर गाणी इतक्या मोठ्याने की हॉर्न ऐकू जात नाही.

भीमाकाठी
गाण्यांवरून आठवलं, परवा एकाने ट्रॉलीला रिफ्लेक्टर म्हणून जुन्या सीड्या लावल्या होत्या. खरं सांगतो, बऱ्या चमकत होत्या.

नेकारतीरी
मूळचा सोलापूरचा, आता स्टुटगार्टला. इथे ट्रेलर म्हणजे घरटी गोष्ट आहे. माणसं साध्या कारला ट्रेलर लावून मोटारसायकल, बोट, घोडासुद्धा नेतात. त्यामुळे ट्रेलर वाईटच असं म्हणू नका. नियम मात्र कडक. साडेसातशे किलोच्या वर एकूण वजन गेलं की ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. महामार्गावर मुळात ८०चीच मर्यादा, १००ची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

भार कसा ठेवायचा ते सांगतो. चाकांच्या पुढच्या भागात साधारण ६० टक्के, मागे ४०. हुकवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के दाब आला पाहिजे. तुमचा ट्रेलर अडीचशे किलोचा आणि मोठी एटीव्ही साडेतीनशेची धरली तर सहाशेवर ६० ते ९० किलो. तेवढं तुमच्या गाडीची मागची बाजू पेलते का, हे गाडीच्या पुस्तकात बघा. पुस्तकात ओढायचं वजन दिलेलंच नसेल तर हुक लावूच नका.

भीमाकाठी
@नेकारतीरी, हे आमच्या आज्याला शाळेत न जाता ठाऊक होतं. गाडी उलाळ, म्हणजे मागे जड भरली तर जू वर उचलतंय, बैलाच्या गळ्याला फास बसतो. धुराळ, म्हणजे पुढे जड भरली तर बैल मानेनं मरतो. कडबा रचताना तो साटीवर उभा राहून ओरडायचा, "म्होरं घ्या, म्होरं घ्या". तुमच्या हुकचा दाब म्हणजे तेच झालं की.

नेकारतीरी
अगदी तेच. फक्त बैल ३ किलोमीटरने चालतो आणि कार ८०ने. मागे जड भरलेला ट्रेलर वेग वाढला की शेपटासारखा हलायला लागतो आणि दर हेलकाव्याला जास्त हलतो. अशा वेळी ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही. फक्त ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, वेग आपोआप उतरू द्यायचा. मग बाजूला थांबून माल पुढे सरकवायचा. हुकखालून दोन साखळ्या एकमेकींना ओलांडून लावायच्या, म्हणजे हुक सुटला तर ट्रेलरचा दांडा रस्त्यात रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडतो.

उजनीचं_पाणी
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. भीमानगरच्या बाजूला आमच्या एका ओळखीच्यांची छोटी बोट आहे, ट्रेलर जुना आहे. दर वेळी पाण्यात उतरवून काढला की महिन्याभरात बेअरिंग आवाज करायला लागतात. ग्रीस तर भरतो.

गियरबॉक्स
@उजनीचं_पाणी, धरणापर्यंत ओढत नेताना बेअरिंग तापतं. तापलेलं हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग, थंड पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. काठावर अर्धा तास थांबा, हबला हात लावून गार झालंय का बघा, मगच उतरवा. सील बदला, आणि पाण्यात चालणारं ग्रीस वापरा, साधं पाण्याने धुऊन जातं.

उजनीचं_पाणी
अर्धा तास थांबायचं म्हणजे भिगवणच्या अलीकडे मासे खाऊन निघायचं. कुणाची ना नाही.

जुळे_सोलापूर
मी गोव्याहून आलेल्या बुलेट उतरवताना पाहिल्या आहेत. एका ट्रान्सपोर्टवाल्याने साइड स्टँडवर उभ्या करून वरून पट्टा आवळला होता. पूर्ण वजन आणि पट्ट्याचा ताण त्या एका स्टँडवर. स्टँड वाकला, तो जिथे चॅसीला जोडलेला असतो तिथे चीर पडली, आणि एक बुलेट दुसरीच्या टाकीवर आडवी. मालक बिचारा टाकीवरून हात फिरवत बसला होता. मोटारसायकल सरळ उभी करायची, पुढचं चाक पुढच्या भिंतीला किंवा चाकाच्या खाचेत, आणि स्टँड वर.

रायडर_विजापूररोड
@जुळे_सोलापूर बरोबर. त्यात भर. पुढून दोन पट्टे, हँडलच्या रॉडला नाही, फोर्कच्या (पुढच्या चाकाच्या दोन दांड्यांच्या) खालच्या जोडाला, दोन्ही बाजूंना पुढे आणि खाली ४५ अंशांत. फोर्क साधारण निम्मा दबेपर्यंत आवळायचं. पार तळाला नेऊन बांधली तर फोर्कचं सील जातं, अगदी सैल ठेवली तर खड्ड्यात पट्टा सुटतो. मागून दोन, मागचं बूड डावी-उजवीकडे फिरू नये एवढेच. गिअरमध्ये ठेवायची. पेट्रोल थोडंच ठेवायचं. आपल्या उन्हात भरलेली टाकी हौद्यात तापली की झाकणातून बाहेर येते.

पट्टा रंगाला घासू नये म्हणून मी जुनी सोलापुरी चादर घडी करून घालतो.

गियरबॉक्स
चादर नको हो. गाडी थरथरते, चादरीत रस्त्याची धूळ बसते आणि अडीचशे किलोमीटर ती रंगाला पॉलिश पेपर मारते. सायकलची जुनी ट्यूब कापून घाला. चादर अंगावर घ्यायला ठेवा.

शेंगाचटणी
चादरीचा अपमान सहन केला जाणार नाही. निषेध.

हुरडाकट्टा
वाचतोय सगळं. ट्रेलरचा विषय सोडला. फॅब्रिकेटरला नोंदणीचं विचारलं तर म्हणाला "शेतीचं आहे म्हणून सांगायचं". तिथेच कळलं. आता दोन खेपा पिकअपने करायच्या की मोठी गाडी घ्यायची?

आसरा_चौक
दोन खेपा कशाला? चौदा फुटी आयशर बघा, त्यात दोन्ही एकामागे एक आरामात बसतात आणि मधे बांधायला हात घालायला जागा राहते. इथून माल घेऊन पुण्याला गेलेल्या गाड्या परत रिकाम्या येतात. मार्केट यार्डात चौकशी करा, रिटर्न भाडं बरंच कमी पडतं. फक्त सांगताना "दोन मशीन" असं मोघम नका सांगू, काय आहे ते नीट सांगा. नाहीतर त्याच गाडीत तो कांद्याची पोतीही घेऊन येईल.

अडचण एकच, आयशरचा हौदा उंच. पिकअपला अडीच फूट धरलं तर आठ फुटी रॅम्पने १८ अंशांचा चढ होतो, ठीक आहे. साडेतीन फूट उंचीला तोच रॅम्प लावला तर २६ अंश. साडेतीनशे किलोची गाडी मागे उलटू शकते. दहा फुटी रॅम्प करून घ्या म्हणजे विशीत येईल.

भीमाकाठी
रॅम्प कशाला, बांध आहे की. ट्रक खोलगट जागेत लावायचा, मागची बाजू बांधाला टेकवायची, गाडी बांधावरून सरळ आत. आम्ही बैल असेच चढवतो. शेतात उतरवताना तर हेच करा. हडपसरला मात्र बांध मिळणार नाही, तिथे एखाद्या गोडाऊनचा धक्का बघा.

रायडर_विजापूररोड
रॅम्प वापरला तर तो ट्रकला साखळीने बांधल्याशिवाय चाक टेकवू नका. पुढची चाकं हौद्यात गेली की मागची चाकं रॅम्पला मागे ढकलतात, फळी सटकते आणि गाडी मधेच खाली बसते. चालवत चढवायचा मोह टाळा. पुढे हातविंच किंवा चैन कुप्पी लावा, न्यूट्रलला ठेवून सावकाश ओढून घ्या. एकाने बाजूला उभं राहून फक्त हँडल सरळ धरायचं. मागे कुणीही उभं राहायचं नाही. मागून ढकलायला धावणारा एक तरी उत्साही माणूस असतोच, त्याला आधीच चहा आणायला पाठवा.

कडकभाकरी
बांधण्याचं एटीव्हीचं थोडं वेगळं. वरच्या कॅरिअरच्या नळ्यांना पट्टे लावले की टायर आणि सस्पेन्शन दबत-उठत राहतात, ताण बदलत राहतो. चाकाजवळच्या खालच्या आर्मला किंवा मागच्या ॲक्सलला बांधलं तर हा खेळच उरत नाही. फक्त ब्रेकची नळी पट्ट्याखाली येत नाही ना ते वाकून बघा. पुढचे दोन पट्टे पुढे खेचणारे, मागचे दोन मागे खेचणारे, म्हणजे चारही एकमेकांविरुद्ध ताणलेले. मोठी गाडी पुढे, तोंड केबिनकडे, पुढे लाकडी ठोकळा. पार्किंग ब्रेक लावा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

पट्ट्याला एक पीळ द्या, वाऱ्याने फडफडत नाही. उरलेलं टोक गुंडाळून बांधा, नाहीतर ते लोंबून चाकात जातं.

गियरबॉक्स
आणि निघाल्यावर वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळा. उरुळी कांचनला चहा प्यायला थांबाच. तिथे एक-दोन खटके नक्की बसतात. नंतर पाटस टोल, इंदापूर, प्रत्येक थांब्याला हात लावून बघायचं. ड्रायव्हर कंटाळतो, त्याचा चहा तुमच्याकडून.

कायद्याचं_बोला
गाड्यांना आरसी नसणार, म्हणून विकणाऱ्याकडून मूळ बिलाची प्रत आणि विकल्याचा सहीचा कागद, चॅसी नंबर लिहून, सोबत ठेवा. रस्त्यात कुणी विचारलं तर "मित्राची आहे" हे उत्तर पुरत नाही.

हुरडाकट्टा
आणल्या. रिटर्न आयशर मिळाली. एका ओळखीच्यांच्या गोडाऊनच्या धक्क्यावरून चढवल्या, रॅम्प धक्का आणि हौद्यामधल्या फटीपुरताच लागला. कडकभाकरी यांनी सांगितलं तसं खालच्या आर्मला बांधल्या. उरुळीला मोठीच्या मागच्या डाव्या पट्ट्याला तीन खटके बसले, बाकीचे जवळपास तसेच होते. तो पट्टा हौद्याच्या कडीच्या धारेवर घासत होता, तिथे ट्यूबचा तुकडा घातला. दिवसाउजेडी मोहोळ ओलांडलं. शेतात बांधाला ट्रक लावून उतरवल्या.

ड्रायव्हर म्हणाला एवढं तर लोक लग्नाचं फर्निचर पण बांधत नाहीत.

बाराबंदी
बरं झालं मालक. लहान पोरांना मोठीवर बसवू देऊ नका, आणि एका गाडीवर एकच. हे मी सांगतोय, नोंद घ्या.

शेंगाचटणी
बाराबंदी सुरक्षेवर बोलले. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

आसरा_चौक
पट्टे उन्हात टाकून ठेवू नका, उन्हाने धागा कुजतो आणि वरून कळत नाही. धुऊन, वाळवून, पोत्यात घालून घरात ठेवा. कडेला कापलेला दिसला की तो पट्टा फेकायचा, गाठ मारून वापरायचा नाही.

बाराबंदी
पोत्यात घालायच्या आधी चार पट्टे मला द्या. बार्शीहून कुट्टी मशीन आणायचंय. आणि रॅम्प असेल तर तोही.

हुरडाकट्टा
पट्टे भावाकडे आहेत, शुक्रवारी घेऊन जा. रॅम्प फॅब्रिकेटरकडून भाड्याने आणला होता, परत दिला. तिकडे गेलात तर ट्रेलरचा विषय काढू नका, अजून नाराज आहे.